एकोणीस मैलांची वीज

"चालू आहे, मिसेस तोपालियान. केव्हाचीच चालू आहे."

ग्रिसेल्डा हे हसून म्हणाली नव्हती. तरीही सिरानुशच्या कानशिलांत रक्त चढले. वाटोळी कळ दाबून झाल्यावर ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, चर्चमध्ये बसावे तशी पाठ ताठ करून, गाडी सुरू होण्याची वाट पाहत बसली होती. एकतीस वर्षे तिने तपकिरी वॅगन चालवली होती आणि सुरू होणे म्हणजे काय, याविषयी तिच्या मनात कसलाही संदेह नव्हता: आधी एक कोरडा खोकला, मग आसनाखालून पाठीच्या कण्यात चढणारी थरथर, मग आरशात निळसर धुराचा लोट, आणि मग तो कान भरून टाकणारा घोष, ज्याच्यावर आवाज चढवूनच नवराबायकोला संसाराच्या गोष्टी बोलाव्या लागत. इथे यांतले काहीच घडले नाही. समोरच्या काचेवर एक हिरवे अक्षर उमटले होते, त्याच्याशेजारी एकवीस हा आकडा होता, आणि बाकी सगळे होते तसेच निपचित होते. "सगळ्यांचं असंच होतं पहिल्यांदा," शेजारच्या आसनावरून ग्रिसेल्डा सांगत होती. जुन्या गाड्यांच्या त्या आवारातली ती सर्वांत तरुण विक्रेती, आणि सर्वांत बोलकी. "परवा एक आजोबा दहा मिनिटं नुसते बसून राहिलेले. मी काचेवर टकटक केलं तर मला म्हणतात, पोरी, हिच्यात जीव नाही, दुसरी दाखव. आणि गाडी चालू!" सिरानुशने मान हलवली, कारण मान हलवणे शिष्टाचाराला धरून होते. मग तिने वळून ग्रिसेल्डाकडे पाहिले आणि तिची छाती वरखाली होते आहे ना, हे नीट, डोळे बारीक करून पाहिले. होत होती. हे पाहणे इतके आपोआप घडले की आपण काय केले हे तिला पाहून झाल्यावर कळले, आणि सप्टेंबरच्या त्या रणरणत्या दुपारी तिच्या तळव्यांना फेब्रुवारीतला गारठा जाणवला. इस्पितळाच्या दारात चाकांची खुर्ची घेऊन आलेला तो उंच कर्मचारी. वॅगनच्या उघड्या खिडकीत वाकून त्याने तिच्या नवऱ्याच्या, मिहरानच्या, मानेला दोन बोटे लावली होती, आणि मग गाडीच्या टपावरून तिच्याकडे पाहत, अगदी मऊ आवाजात विचारले होते, "बाई, हे किती वेळापासून असे आहेत?" तिने उत्तर दिले होते, "आत्ता तर बोलत होते." ते तिचे पहिले खोटे. दुसरे तिने आठवड्यानंतर बोलले, आणि ते थडग्याच्या दगडावर कोरले जायला आता एकच संध्याकाळ उरली होती.

दगडाचेच बोलणे बाहेर चालले होते. तिचा मुलगा नुबार दोन रांगांमधल्या उन्हात येरझारा घालत फोनवर बोलत होता. ग्लेंडेलहून तो पहाटे निघून आला होता. गेले सात महिने तो दर शनिवारी असाच येत असे, येताना नको तितकी फळे आणि औषधे घेऊन येत असे, आणि त्याआधीची नऊ वर्षे तो एकदाही आला नव्हता. त्याने खिडकीशी वाकून, आईला आर्मेनियनमध्ये हाक मारीत, विचारले, "मायरिग, दगडवाला विचारतोय, तो 'पाऊस' शब्द वरच्या ओळीत बसत नाहीये, खालच्या ओळीत घेतला तर चालेल का? आज संध्याकाळपर्यंत सांगा म्हणतो, सोमवारी छिन्नी लावणार." सिरानुश म्हणाली, "आधी हे उरकू दे." तो पुन्हा उन्हात गेला. त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती आणि त्याची चाल थेट बापाची होती, उजवा खांदा जरा पुढे काढून, जणू वेलींच्या रांगेतून वाट काढतो आहे. हाच खांदा पुढे काढून तो दहा वर्षांपूर्वी निघून गेला होता. चाळीस एकरांतली द्राक्षे बेदाण्यांसाठी कागदी तरटांवर जमिनीवर वाळत पडली होती, दुपारपर्यंत पाऊस येणार असे रेडिओ सांगत होता, ओळखीपाळखीची माणसे धावत येऊन तरटे गुंडाळत होती, आणि नुबार इस्त्रीचा सदरा घालून मुलाखतीला गेला. पाऊस आला. त्या वर्षीचे बेदाणे काळे पडले, त्यांना बुरशीचा वास सुटला, आणि मिहरानने मुलाचे नाव घेणे सोडले. पुढे वेलीही गेल्या, जमीन बदामवाल्यांना गेली, राहिले ते घर आणि अंगणातल्या दोन रांगा; पण नाव त्याने घेतले नाही. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला नुबार दाराशी उभा होता. हातातल्या ताटात पिलाफ तसाच होता, आणि आत यावे की जावे हे त्याला कळत नव्हते. त्या ताटाकडे पाहून सिरानुशने, चर्चच्या महिला मंडळाची बावीस वर्षे अध्यक्ष असलेल्या सिरानुशने, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले होते की, इस्पितळाच्या दारात माझा हात धरून ते म्हणाले, नुबारला सांग, त्या पावसाचं मी केव्हाच विसरलो. नुबारच्या हातातले ताट कोणीतरी काढून घेतले. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. खोटे बोलल्याचा पश्चात्ताप तिला त्या क्षणी झाला नाही. एक काम नीट पार पडल्याचे समाधान मात्र झाले.

"आता सह्या," ग्रिसेल्डा कागद पुढे करीत म्हणाली. "अभिनंदन बरं का! तुम्हाला अनुदान सगळ्यात वरचं मिळालंय."

"आणि ते का, तेही सांगून टाक," सिरानुश म्हणाली.

"का म्हणजे... तुम्ही उत्पन्नाच्या सगळ्यात खालच्या गटात बसता ना, म्हणून." ग्रिसेल्डाने जीभ चावली. "म्हणजे कागदावर हो. फक्त कागदावर."

सिरानुशने शाईच्या पेनने, आपले पूर्ण नाव लिहून सही केली. या योजनेचे पहिले पत्र वसंतात आले होते: खोऱ्याची हवा ज्यांच्या धुराने काळवंडते त्या जुन्या गाड्या द्या, आणि विजेवर व पेट्रोलवर दोन्हींवर चालणारी, वापरलेली पण धडधाकट गाडी घ्या, किमतीचा मोठा हिस्सा सरकार भरील. वॅगन धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली होती, आणि महिनाअखेर तिला रस्त्यावर आणण्याचा परवानाच संपत होता. गाडी नाही तर घर नाही, कारण शहरापासून तेवीस मैलांवर, वेलींच्या मध्ये, एकट्या बाईने गाडीवाचून कसे राहावे. आणि ग्लेंडेलच्या तिसऱ्या मजल्यावर नुबारने मागची खोली रंगवूनही ठेवली होती. म्हणून तिने तो अर्ज भरला, घरात येणारा सगळा पैसा लिहा या रकान्यात खरा आकडा लिहिला, आणि लिहिताना उठून स्वयंपाकघराचे दार लावून घेतले, जरी घरात दुसरे कोणी नव्हते. खरे सांगणे तिला इतके अवघड कधीच गेले नव्हते; किंवा गेले होते, पण तेव्हा तिने ते सांगितलेच नव्हते.

ग्रिसेल्डाने नियम पुन्हा समजावला. जुनी गाडी मोडीच्या आवारात स्वतःच्या इंजिनावर, स्वतःच्या चाकांवर चालत गेली पाहिजे. ओढून नेलेली चालत नाही. तिथली पावती मिळाली की नवी गाडी तुमची. तोवर मुलगा ती मागून चालवत आणील. "आणि ते एकवीस दिसतंय ना, तेवढे मैल विजेवर. आवाज नाही, धूर नाही. ते संपले की आपोआप पेट्रोलवर. तुम्हाला काही करायला नको, इंजिन स्वतःच सुरू होतं." सिरानुशने विचारले, "तेव्हा कळतं का?" ग्रिसेल्डा म्हणाली, "कान दिला तर."

कान दिला तर. वॅगनमध्ये बसून किल्ली फिरवताना हे शब्द तिच्याबरोबर आले. वॅगन खोकली, थरथरली, गर्जली. सायलेन्सरला मिहरानने जर्दाळूच्या डब्याचा पत्रा तारेने बांधला होता, तो अजून तिथेच खडखडत होता. शेजारच्या आसनावर तिने फेब्रुवारीपासून कोणालाही बसू दिले नव्हते. तिथे ती पाव ठेवी, पिशव्या ठेवी, आणि लोक तिच्या दुःखाचा मान राखून मागे बसत. त्या दिवशी धुके होते. हिवाळ्यात या खोऱ्यात धुके आकाशातून उतरत नाही, जमिनीतून वर येते, आणि मग गाडीचे नाकसुद्धा दिसत नाही. अशा सकाळी फाट्यावर डोळ्यांचा काही उपयोग नसतो. इथली माणसे थांबतात, इंजिन बंद करतात, काचा खाली घेतात आणि ऐकतात. काही ऐकू आले नाही तर पुन्हा किल्ली फिरवून फाटा ओलांडतात. मिहरानची त्यात आपली एक शिस्त होती. डावी बाजू चालवणाऱ्याची, उजवी शेजारच्याची, आणि शेजारच्याने काही येत असेल तरच बोलायचे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने विचारले होते, येत नसेल तर तसं सांगायला काय होतं? तो म्हणाला होता, "येत नाही हे काय सांगायचं? येतंय ते सांगायचं." त्यानंतरच्या सगळ्या हिवाळ्यांत त्याचे गप्प बसणे हीच तिची परवानगी होती. घरापासून इस्पितळाच्या रस्त्यावर असे चार फाटे होते. हृदयाची नेहमीची तपासणी, सकाळी आठची. पहिल्या फाट्यावर, घरापासून मैलभरावर, त्याने काच खाली घेतली, कोपर बाहेर काढले, तोंड धुक्याकडे केले आणि म्हणाला, "थांब." दुधाचा टँकर दिवे न लावता समोरून गेला. मग तिने किल्ली फिरवली आणि बोलायला सुरुवात केली. नुबारच्या मुलीचा सहावा वाढदिवस जवळ आला होता, म्हणून ती बोलली. फोन कर, म्हणाली. तू बाप आहेस की दगड, म्हणाली. चाळीस एकर बेदाण्यांसाठी पोर टाकलेस, आता ते एकरही नाहीत आणि पोरही नाही, आणि तुझा हट्ट मात्र दरवर्षी पीक देतो. काच वर घे, गारठा येतो आहे, म्हणाली. त्याने घेतली नाही, आणि तिला वाटले, हा रागाने घेत नाही. दुसऱ्या फाट्यावर तो बोलला नाही, तिने ओलांडला. तिसऱ्यावर बोलला नाही. चौथ्यावर तिने मुद्दाम विचारले, करणार आहेस की नाही फोन, हो किंवा नाही एवढे तरी सांग. तो बोलला नाही, आणि ती चिडून जोरात निघाली. मग शहर आले, दिवे आले, इस्पितळाचे दार आले, आणि तो उंच माणूस खिडकीत वाकला.

मोडीच्या आवाराचा तपासनीस टोबायस नावाचा म्हातारा होता. चष्मा दोरीने गळ्यात, हातात यादी. "बंद करा. आता पुन्हा सुरू करा. दहा यार्ड पुढे. ब्रेक. आता मागे. दिवे. बरं." तो गाडीभोवती फिरला. "दरवाजे चार. पुढची काच अखंड. बंपर आहे. हा डबा कशाचा?"

"जर्दाळूचा."

"चांगला बसवलाय."

"तोडायचीच आहे, तर एवढं काय निरखून बघता?" सिरानुशने विचारले.

"अहो बाई, लोक काय काय घेऊन येतात इथे! आठ आठ वर्षं कोंबड्या राहिलेल्या गाड्या ओढत आणतात आणि म्हणतात, द्या अनुदान. मेलेल्या गाडीचा धूर कुठे येतो, की तो बंद केल्याचे पैसे सरकार देईल? मला एवढंच लिहून द्यायचं असतं, की दारातून आत आली तेव्हा ही जिवंत होती."

"आणि ते कशावरून कळतं?"

टोबायसने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "कशावरून म्हणजे? आवाजावरून."

त्याने किल्ली मागितली. सिरानुश पलीकडच्या बाजूला गेली, शेजारच्या आसनावरची पावाची पिशवी उचलली, आणि मग, का ते न समजता, दाराची दांडी फिरवून काच पूर्ण खाली घेतली. टोबायस आत बसला. वॅगन खडखडत, पत्रा वाजवीत, दोन पत्र्याच्या भिंतींमधून आत गेली आणि तिथे थांबली. आवाज थांबला. सात महिने सिरानुशने त्या आवाजाला आपल्या बाजूने उभे केले होते. इतक्या घोषात माणसाचा श्वास कसा ऐकू यावा. थांबला तरी कसे कळावे. याला कोणी दोष देऊ शकत नाही, असे तिने रात्रंदिवस स्वतःला बजावले होते. पण प्रत्येक फाट्यावर तिने इंजिन बंद केले होते. त्यानेच घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे किल्ली मागे फिरवली होती, आणि त्या पांढऱ्या, पूर्ण शांततेत, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाच्या श्वासाचा आवाज होता किंवा नव्हता, हे तिला माहीत नव्हते, कारण तिचे कान बाहेर होते. आत कान द्यावा असे तिला सुचलेच नाही. आज दुपारी त्या हिरव्या अक्षरासमोर बसताना जे टोचले ते हेच होते: या नव्या गाडीत आडोसा नव्हता.

"मायरिग, मी चालवू?" नुबारने विचारले. पावतीचा फोटो ग्रिसेल्डाकडे गेला होता, तिचा आनंदाचा निरोपही आला होता. आकडा एकोणीसवर आला होता.

"माझी गाडी आहे," सिरानुश म्हणाली. "तू शेजारी बस."

शहराचा शेवटचा सिग्नल मागे पडला. घर तेवीस मैल होते आणि वीज एकोणीस. हिशेब सोपा होता. त्यानंतर इंजिन सुरू होईल, आणि मी मला चांगली ओळखते, तिने मनाशी म्हटले. एकदा आवाज सुरू झाला की त्याच्या आड बसणे मला फार सोयीचे वाटेल. संध्याकाळी दगडवाल्याचा फोन येईल, पाऊस खालच्या ओळीत बसेल, आणि मग दर वर्षी ऑगस्टात चर्चमध्ये नव्या द्राक्षांना आशीर्वाद देऊन झाल्यावर सारे कुटुंब त्या ओळीपुढे मेणबत्ती लावील. नुबारने पुढे होऊन एसी लावला. आकडा सतरावरून एकदम पंधरावर आला. सिरानुशने एसी बंद केला.

"अगं, एकशे चार डिग्री आहे बाहेर!"

"वीज जाते."

"जाऊ दे की, पेट्रोल आहे."

"उकडू दे," ती म्हणाली. दोन्ही बाजूंनी वेली आणि वेलींच्या मधून कागदी तरटांवर पसरलेले बेदाणे मागे सरत होते. त्यांचा आंबूस, भाजल्यासारखा वास बंद काचांतूनही येत होता. चाकांखालची खडी तिला एकेक ऐकू येत होती. नुबारचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या नाकात उजव्या बाजूला बारीक शीळ वाजत होती, लहानपणी वाजे तशीच, आणि ही शीळ आपण किती वर्षांत ऐकली नाही याचा तिने हिशेब केला नाही. आकडा आठवर असताना चौथा फाटा आला; परतताना तो आधी लागे. ती थांबली, दोन्हीकडे पाहिले, मैलभर रस्ता मोकळा होता, निघाली. तोंड उघडले होते, मिटले. पाचवर तिसरा फाटा. थांबली. निघाली. फाट्यापलीकडे लिंबाच्या बागेत कोणीतरी पाणी सोडले होते, त्याचा गारवा क्षणभर काचेला लागला.

"नुबार जान."

"हं."

"त्या पावसाचं ते बोलले नव्हते."

तो फोनमध्ये पाहत होता. "कोण?"

"तुझे वडील. ते वाक्य माझं आहे. तू ताट घेऊन दाराशी उभा होतास. तुझ्याकडे मला बघवेना, म्हणून मी बोलले."

नुबारने फोन मांडीवर उलटा ठेवला. नाकातली शीळ थांबली. ती वळून पाहणार होती, पण मग तो म्हणाला, "मग काय बोलले होते ते?"

"थांब."

"थांब?"

"दुधाचा टँकर येत होता. धुकं होतं. घराजवळच्या पहिल्या फाट्यावर." तिने आवाज सरळ ठेवला, महिला मंडळात वर्षाचा अहवाल वाचताना ठेवी तसा. "त्यानंतर मी बोलत होते. इस्पितळापर्यंत. तुला फोन कर म्हणून भांडत होते. ते गप्प होते, आणि मी त्यांना दगड म्हणाले. कोणत्या फाट्यावर ते गेले ते मला माहीत नाही, नुबार. मी प्रत्येक फाट्यावर गाडी बंद केली आणि बाहेरचं ऐकलं. ते काही बोलत नाहीत म्हणजे रस्ता मोकळा आहे असं धरलं, आणि ओलांडला."

दोनवर दुसरा फाटा आला आणि गेला. मग नुबार म्हणाला, "पण मायरिग, त्यांचं तेच तर होतं. अडवायचं असेल तरच बोलायचे. तू म्हणत होतीस फोन कर, आणि ते गप्प राहिले, म्हणजे..."

"नको," सिरानुश म्हणाली. "माझी समजूत घालू नकोस, आणि स्वतःचीही घालू नकोस. मेलेला माणूस कशालाच हरकत घेत नाही. ते एकदा मी करून पाहिलं आहे."

"सात महिने," नुबार म्हणाला.

"हो."

"मी ते पोरीला शिकवलंय. आर्मेनियन येत नाही तिला धड, पण ते वाक्य तिला येतं. पाहुणे आले की म्हणून दाखवते. आजोबा असे म्हणाले, म्हणून."

हे तिला माहीत नव्हते. तिला वाटले होते की वाक्य एका माणसापुरते आहे, मिहरानपासून नुबारपर्यंतचे अंतर भरून काढण्यापुरते. ते पुढे चालत जाऊन एका सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी बसले असेल, याचा हिशेब तिने केला नव्हता. आकडा शून्य झाला. हिरवे अक्षर विझून त्या जागी दुसरे उमटले, आणि आसनाखालून एक हलकी थरथर आली. इतकी हलकी, की वॅगनपुढे ती थरथर म्हणजे मांजराने कूस बदलावी तशी होती. पण इंजिन होते. तिने सर्व काही शांततेत सांगितले होते. एवढे तिने केले होते, आणि त्यात आपल्याला काही दिलासा वाटावा असे तिला मुळीच वाटले नाही.

नुबारचा फोन वाजला. त्याने नाव पाहिले, आणि तो वाजू दिला, आणि मग पाचव्या घंटीला घेतला. "बोला. हो, मीच. नाही, खालच्या ओळीत नको." तो थांबला. पलीकडचा माणूस काहीतरी आकारमान सांगत होता. "वरच्याही ओळीत नको. नुसतं नाव, आणि दोन सालं. नाही, दुसरं काही सुचवू नका. खाली जागा उरते, तर उरू दे. पैसे तेवढेच घ्या." फोन बंद करून त्याने तो दाराच्या खाचेत टाकला आणि तोंड खिडकीकडे फिरवले. आता तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. कोपर काचेला टेकले होते. उजवा खांदा जरा पुढे. श्वासाची शीळ इंजिनच्या त्या बारीक घुमण्यात मिसळली होती, किंवा नव्हती. तिने कान दिला, आणि तिला खात्री देता आली नाही.

पहिला फाटा आला. सिरानुश पांढऱ्या रेषेवर थांबली. आकाश स्वच्छ होते, धुळीने जरासे पिवळे. डावीकडे मैलभर रस्ता दिसत होता, उजवीकडे मैलभर दिसत होता, आणि दोन्हीकडे उन्हाखेरीज काही नव्हते. तिचा पाय ब्रेकवरून हलला नाही. मागून एक पिकअप आली, थांबली, थोडा वेळ सभ्यपणे वाट पाहिली, आणि मग हॉर्न वाजवला.

"काही येतंय का?" सिरानुशने विचारले.

नुबार बोलला नाही.

पिकअपने दुसऱ्यांदा हॉर्न दिला, या वेळी लांब. घरापासून मैलभरावर, दिवसाढवळ्या, आपल्या ओळखीच्या रस्त्यावर कोणीतरी आपल्याला हॉर्न वाजवून हलवू पाहते आहे, याची तिला एरवी लाज वाटली असती. तिने कळ दाबून गाडी बंद केली. आतली थरथर गेली. "नुबार," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या आवाजात विनंती ऐकू आली, "तोंडाने सांग."

मागची पिकअप शिव्या देत कडेने पुढे निघून गेली. तिची धूळ बसली. मग उजवीकडची काच सावकाश खाली गेली, बेदाण्यांचा वास आणि तापलेली हवा आत आली, आणि नुबारने मान बाहेर काढली. डोळ्यांनी पाहून क्षणात सांगता आले असते. पण तो पाहत नव्हता. त्याने डोळे मिटले होते. बाप ऐके तसा, मान जराशी तिरकी करून, तो ऐकत राहिला, बराच वेळ. आणि सिरानुशने या वेळी बाहेर कान दिला नाही.

"काही येत नाहीये," तो म्हणाला. आवाज भरड होता, राग त्यात तसाच होता. मग आत वळून, काच तशीच खाली ठेवून, "चल, मायरिग."